गफ्फार मिस्त्रीचं देणं-घेणं

मालेगावात हुस्नाबानोच्या दुकानातून कूलरच्या पंपाचा साधा वॉशर घेतला तरी रसीद मिळते. नको म्हटलं तरी मिळते, आणि घाई आहे म्हटलं तर जरा जास्तच सावकाश मिळते. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गावाचं नाव, मालाचं नाव आणि खाली तिची ऐसपैस सही. टारगट पोरं मागून तिला 'रसीदवाली भाभी' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मालेगाव म्हणजे आपलं, जहागीरचं, वाशिम जिल्ह्यातलं. नाशिककडच्या मोठ्या भावानं सगळं नाव पळवलं, म्हणून हे दर वेळी सांगत बसावं लागतं. बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की पत्र्याची ठोकाठोक ऐकू येते, तेच 'गफ्फार कूलर'. उन्हाळ्यात कूलर, सुगीला धान्याच्या कोठ्या, लगीनसराईत पेट्या. समोर जगदेवची चहाची टपरी. दुकानाच्या मागेच घर, आणि दुकान नि घर यांच्यामध्ये दार नाही, एक जाडजूड हिरवा पडदा आहे.

ज्या घरात दिवसभर हातोडी चालते त्या घरात हळू बोलून भागत नाही. लग्न होऊन हुस्नाबानो कारंज्याहून आली तेव्हा म्हणे फार मऊ बोलायची. आज कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन उन्हाळ्यांत तिचा आवाज असा तयार झाला, की तिचा नवरा गफ्फार पत्र्यावर घाव घालत असला तरी पडद्याआडून आलेली 'जेवायले या' ही हाक त्याला स्वच्छ ऐकू यायची, आणि जगदेवच्या टपरीवरचे दोनचार लोकही चहा अर्धा टाकून घरी जेवायला उठायचे.

गफ्फार मात्र अगदी उलटा. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. कारागीर असा, की त्याच्या कूलरचं पाणी कधी जमिनीवर ठिबकलं नाही. फक्त एक खोड होती. दुसऱ्याचं देणं त्याला दुपारचं संध्याकाळपर्यंत ठेववत नसे, आणि स्वतःचं घेणं मात्र मागायला त्याची जीभ रेटत नसे. हुस्नाबानो त्यावरून त्याला फाडून खायची. "अहो, रिठदच्या मानसानं तीन कूलर नेले, पैसे कवा मागता?" यावर त्याचं एकच उत्तर असायचं, "कूलर थंडी हवा देऊन राह्यला ना? मंग झालं." अशा माणसाचा संसार बायकोच्या आवाजावरच चालायचा, आणि तो चाललाही चांगला.

पत्रा वाकवायची मशीन घ्यायची म्हणून गफ्फारनं आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढलं. एका फायनान्स कंपनीकडून. कंपनीचं नाव सांगून तिची फुकट जाहिरात कशाला करा! कंपनीचा माणूस दुकानात स्टुलावर बसून चहा पीत गोडगोड बोलत होता, "मिस्त्री, यात विमा पन हाय बरं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तं घरच्याइले एक हप्ताही भरा लागत नाही. सारं विमा भरते." पडद्यामागे पोळ्या लाटत असलेल्या हुस्नाबानोनं तिथूनच तोफ डागली, "बरंवाईट तुमचं होवो! माह्या दारात बसून काय अभद्र बोलून राह्यले?" कंपनीच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळला. समोरची टपरी खो खो हसली. गफ्फार पहिल्यांदाच मोठ्यानं हसला, आणि त्यानं सही केली.

हप्ते त्यानं कधी चुकवले नाहीत. तारखेच्या आदल्या दिवशी तो बेचैन व्हायचा, पैसे खात्यात टाकून आला की मग जेवायचा. आणि एका हिवाळ्यात, लगीनसराईच्या पेट्या रंगवता रंगवता, तो पेटीवर डोकं टेकून बसला तो उठलाच नाही. हुस्नाबानोनं जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिच्यावर तिसऱ्यांदा हाक मारायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून ती पडदा सारून बाहेर आली.

जनाज्याच्या नमाजेआधी एक रिवाज असतो. घरातल्या कर्त्या पुरुषानं जमलेल्या लोकांसमोर उभं राहून सांगायचं, की मरणाऱ्याकडे कोणाचं काही देणं राहिलं असेल तर आमच्याकडे या, आम्ही चुकतं करू. आणि त्याच्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. कर्ज मागे राहिलं तर गेलेल्या माणसाची रूह, म्हणजे आत्मा, मध्येच अडकून पडते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. गफ्फारचा धाकटा भाऊ शाहिद कब्रस्तानाच्या मैदानात उभा राहिला आणि रडत रडत म्हणाला, "भाईकडं कोनाचं देनं असंल तं घरी या. आमी हावोत." 

लोक आले. पत्र्याचा व्यापारी आला, रंगवाला आला. हुस्नाबानो इद्दतीत बसलेली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिन्यांवर काही दिवस घरातच राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही, असा तो काळ. ती पडद्याआडून आकडा विचारायची, शाहिद पैसे द्यायचा, घेणारा म्हणायचा, "आमी भरून पावलो, अल्ला त्यांले जन्नत देवो." ना कोणी रसीद दिली, ना कोणी मागितली. मय्यतीच्या देण्याची रसीद मागायची म्हणजे समोरच्याच्या इमानावर थुंकल्यासारखं. जगदेवही आला, पण तो सांगायला आला होता की चहाचं खातं त्यानं पुसून टाकलं. "गफ्फारभाईचा चाय मी मोजतच नव्हतो, भाभी," म्हणाला. पडद्यामागे हुस्नाबानो तोंडात पदर कोंबून रडली.

शाहिद त्याच आठवड्यात कंपनीच्या शाखेत जाऊन भाऊ वारल्याचं सांगून आला, मृत्यूचा दाखलाही देऊन आला. तिथल्या साहेबानं "बघतो" म्हटलं. आपल्याकडे साहेब 'बघतो' म्हणाला की समजायचं, त्यानं डोळे मिटले.

मग अनुप आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला लावलेलं कार्ड मात्र खिशात खोचलेलं. आपण कंपनीचेच म्हणून त्यानं सांगितलं. खरं तर तो वसुली करणाऱ्या एका एजन्सीचा गडी. जनाज्यातलं बोलणं त्याच्यापर्यंत कुणाकडून तरी पोचलं होतं. स्टुलावर बसून तो अगदी दुखवट्याच्या आवाजात म्हणाला, "तुमीच जाहीर केलं ना भाऊ, देनं असंल तं या. आमचं तं सर्वात मोठं हाय. मिस्त्रीसारख्या मानसाची रूह कायले अडकवता?"

हे शेवटचं वाक्य पडद्याला भोक पाडून आत गेलं. विमा, शाखा, दाखला, सगळं त्या वेळी हुस्नाबानोच्या डोक्यातून उडालं. डोळ्यांसमोर फक्त गफ्फार, हप्त्याच्या आदल्या दिवशी न जेवणारा. तिनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवल्या, शाहिदला सराफाकडे पाठवलं, आणि आलेली सगळी रक्कम पडद्याखालून सरकवली. "आता मिटलं ना?" तिनं विचारलं. अनुप म्हणाला, "मिटलं भाभी. अल्ला त्यांले जन्नत देवो." या माणसाच्या तोंडी ते शब्द होते, हे तिला पुढे कितीतरी दिवस जाळत राहिलं.

कारण पुढच्याच महिन्यात तो परत आला. एकटा नव्हे, दोन दांडगे बरोबर घेऊन, आणि नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी. रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही, रिठद, किन्हीराजा, कुठकुठली माणसं बाजाराला आलेली. अनुपचा दुखवटा आता संपला होता. दुकानासमोर उभा राहून तो ओरडला, "गफ्फार मिस्त्री कर्ज बुडवून मेला! याच्या घरचं कोनी काही घेऊ नका, कोनी काही देऊ नका! पैसे भरल्याबिगर मशीन उचलून नेतो!"

शाहिद बाहेर धावला, "अरे, पैसे तं दिले ना तुले!"

"कोनते पैसे? रसीद दाखव."

पडद्याआड हुस्नाबानो उभी होती. पडद्याची कड तिच्या मुठीत होती. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर. ते तिनं टाकलं नाही, कारण इद्दत ती गफ्फारसाठी पाळत होती, आणि असल्या माणसापायी मोडायला ती स्वस्त नव्हती. पण आवाजाला कुठली इद्दत? इतक्या दिवसांचा दाबून ठेवलेला आवाज तिनं सोडला. "अनुप! माह्या नवऱ्याच्या रूहीचं नाव घेऊन पैसे नेले तू! अल्लाचं नाव घेऊन नेले! आज माहं तोंड झाकलेलं हाय, पन तू पाह्यजो, याच जागी उभा राहून तू हे शब्द परत घेशीन!"

टपरीवरच्या कपबशा म्हणे थरथरल्या. हे जगदेवचं म्हणणं, आणि जगदेव थोडं वाढवून सांगतो. पण अनुप मोटरसायकलला किक मारून निघाला, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर फोन सुरू झाले. गफ्फारच्या मोबाइलमधले सगळे नंबर एजन्सीकडे कसे गेले कोण जाणे, पण गफ्फारच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन जाऊ लागले. सकाळी कोंबड्याच्या आधी, रात्री जेवणाच्या ताटावर. तुमचा मिस्त्री फसवून मेला, त्याच्या बायकोला पैसे भरायला सांगा. रिठदच्या एका लग्नघरानं पेट्यांची ऑर्डर रद्द केली. शाहिदनं हात टेकले. तो पडद्यापाशी येऊन म्हणाला, "भाभी, भाईची मशीनच इकू. देऊन टाकू अन् मोकळे होऊ. इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जतीचा हाय म्हनूनच देनार नाही," हुस्नाबानो म्हणाली. "आता दिलं, तं तो बाजारात बोलला ते खरं होते. शाहिदभाई, तुमच्या भाईचं खरं देनं असंल तं मी ह्या घराचा पत्रा इकून फेडीन. पन खोटं देनं त्यांच्या नावावर एक पैशाचंही ठेवनार नाही."

शाहिदला हे पटलं की तो फक्त आवाजाला भ्याला, सांगता येत नाही. पण तो पुन्हा मशीन विकायचं बोलला नाही.

धम्मदीपा तिची शेजारीण. मूळची किन्हीराजाची, बसस्टँडजवळ ऑनलाइनचं सेंटर चालवते. दाखले काढणं, पीकविम्याचे अर्ज भरणं, असली कामं. इद्दतीत ती रोज संध्याकाळी हुस्नाबानोजवळ येऊन बसायची. एरवी दोघींचं बोलणं म्हणजे एकमेकींच्या स्वयंपाकाची उणीदुणी. त्या दिवशी मात्र हुस्नाबानोनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच थबकली. "दीपे, तो कंपनीवाला तं विम्याचं बोलला होता. मी शिव्या नव्हत्या का दिल्या त्याले?"

"दिल्या होत्या. मी तवा टपरीवर दूध घ्याले उभी होती," धम्मदीपा म्हणाली. मग तिनं कपाळाला हात लावला. "अन् तू पाटल्या इकल्या? मले सांगतलं काहून नाही?"

"मय्यतीचं देनं कोनाले इचारून देतात काय?"

धम्मदीपानं पाटल्यांचं तिथंच सोडलं. तिच्याकडे कामाचं दुसरं होतं. वसुलीवाल्यांच्या भानगडी तिच्या सेंटरवर रोजच येत, त्यामुळे काही गोष्टी तिला पाठ होत्या. वसुलीच्या माणसानं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवलंच पाहिजे. अवेळी फोन करायचा नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, गिऱ्हाईक यांना सांगून माणसाची बदनामी करायची नाही. आणि मुख्य म्हणजे एजन्सीनं केलेल्या पापाला कंपनीलाच जबाबदार धरता येतं. हे ऐकताना हुस्नाबानो हळूहळू ताठ होत गेली. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपण देणेकरी, म्हणून समोरचा काहीही बोलू शकतो. आपल्याला बोलायचा हक्क आहे, नुसता आवाज नाही, हे तिला त्या संध्याकाळी कळलं. ती धम्मदीपाला म्हणाली, "मंग लिव. आत्ताच लिव."

कंपनीला तक्रार गेली. उत्तर आलं नाही. महिना गेला, तरी नाही. धम्मदीपानं सांगितलं, आता वाशिमला ग्राहक आयोगात जाऊ. पण अनुपनं पैसे घेतल्याचं काय? पाहणारे शाहिद आणि समोरच्या टपरीतला जगदेव दोघंच, आणि दोघंही आपले. इथं हुस्नाबानोनं डोकं लढवलं. मोबाइलमध्ये बोलणं साठवायचं कसं हे धम्मदीपाकडून शिकून घेतलं, आणि अनुपचा फोन यायची वाट पाहत बसली. वाट फार पाहावी लागली नाही.

त्या दिवशी ती इतकं मऊ बोलली की कारंज्याच्या माहेरची पोरगीच परत आली जणू. "भाऊ, मी तं देतोच. पन त्या दिवशी पाटल्या इकून दिले, ते तरी त्यात धरा ना. गरीब बाई हावो." मऊ आवाजानं अनुप फुगला. "भाभी, ते कायले काढता? ते तं आमच्या येन्याजान्यात, व्याजात गेले. आता नव्यानं सांगतो तेवढं भरा." हुस्नाबानोनं "बरं भाऊ" म्हणून फोन ठेवला, आणि मग इतक्या जोरानं हसली की धम्मदीपा तिच्या सेंटरमधून पळत आली.

इद्दत संपली. हुस्नाबानोनं पांढरी ओढणी डोक्यावर घेतली, पडदा बाजूला सारला आणि दुकानात येऊन बसली. पत्रा वाकवायची मशीन ती इतकी वर्षं नुसती ऐकत आली होती. आता हात लावला. पहिला कूलर वाकडा झाला, दुसरा गळला. तिसरा तिनं रिक्षात टाकला, रिठदला त्या पेट्या रद्द करणाऱ्या घरी नेऊन उतरवला आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "तुमाले फोन आला होता. खोटा होता. हा कूलर उन्हाळाभर चालवून पाहा. थंडी हवा नाही आली तं पैसे देऊ नका." घरधनी ओशाळला. त्यानं फोन आल्याचं लिहूनही दिलं आणि कूलरही ठेवून घेतला.

मग वाशिमच्या वाऱ्या सुरू झाल्या. सकाळची एसटी, दुपारपर्यंत बाकावर बसणं, कंपनीच्या वकिलानं पुढची तारीख मागणं, परतीची एसटी. कंपनीला वाटत होतं, बाई थकेल. कूलरचा धंदा ऐन भरात असताना तारीख पडली, तरी ती जायची. पदरचं भाडं घालून जायची. पहिल्यांदा तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिनं सवयीनं असा आवाज लावला की बाहेरच्या व्हरांड्यातले पक्षकार आत डोकावले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, जरा हळू, ऐकू येतंय आम्हाला." ती ओशाळून म्हणाली, "पत्र्याची सवय हाय, साहेब." आयोगात त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

कंपनीच्या वकिलानं मग ठेवणीतला मुद्दा काढला. कर्ज गफ्फारनं घेतलं होतं, कंपनीचा ग्राहक तो. या बाई ग्राहकच नाहीत, यांना तक्रार करायचा अधिकार काय? कायद्यानं वारसाला तो अधिकार आहेच, आणि अध्यक्ष तेच सांगायला निघाले होते. पण त्यांच्या आधी हुस्नाबानो उठली. या वेळी तिनं आवाज मुद्दाम खाली ठेवला, आणि तो जास्तच लागला.

"वकीलसाहेब, माह्या दारात पैसे मांगाले आले, तवा तुमच्या मानसानं नाही इचारलं मी कोन. माह्या पाटल्या घेतल्या, तवा नाही इचारलं. भर बाजारात माह्या नवऱ्याले कर्जबुडव्या म्हनलं, तवा मी त्याची बायको होती. आज इथं आली, तं मी कोनीच नाही काय?"

वकील कागद चाळू लागला. चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. धम्मदीपा मागच्या बाकावर बसून नाक ओढत होती, सर्दी नसताना.

मोबाइलमधलं बोलणं ऐकवलं गेलं, तेव्हा कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं. विम्याचा हप्ता कंपनीनं कर्ज देतानाच कापून घेतला होता, हे तिच्याच माणसांना कबूल करावं लागलं; मृत्यूचा दाखला शाखेत पोचला होता, हेही. म्हणजे कर्ज विम्यातून फिटायचं होतं. साहेबानं फक्त बघतो म्हटल्याप्रमाणे बघितलं नव्हतं. आता कंपनीला तडजोड सुचली. मध्यस्थासमोर बसून कंपनीच्या साहेबानं गोड आवाजात सगळं मान्य केलं: कर्ज मिटलं, पाटल्यांचे पैसे परत, वर मनस्तापाची भरपाई. आकडा ऐकून शाहिद टेबलाखालून वहिनीला खुणावू लागला, घ्या म्हणून.

"एक राह्यलं," हुस्नाबानो म्हणाली. "तुमचा मानूस बाजारात ओरडला होता. त्यानं त्याच जागी, बाजाराच्याच दिवशी, तेवढ्याच मोठ्यानं सांगावं, का गफ्फार मिस्त्रीकडं काही देनं नव्हतं."

साहेब म्हणाला, "मॅडम, आम्ही लेखी देतो ना. जाहीर सांगायची आमच्यात पद्धत नाही."

"जाहीर बदनाम करायची पद्धत होती ना? लेखी मी माह्या घरात ठेवीन. बाजारानं कानानं ऐकलं, तं बाजाराच्या कानातूनच ते निघालं पायजे. नाही तं तुमचा पैसा नको, मी तारखा करतो. एसटी रोज हाय."

शाहिद डोकं धरून बसला. पण मध्यस्थ बाईंनी चष्मा काढून पुसला आणि साहेबाकडे पाहून म्हणाल्या, "मागणं वाजवी आहे." साहेबानं बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन केले. परत आला तो होकाराची मान हलवतच.

तो बाजाराचा दिवस मालेगाव अजून विसरलेलं नाही. हुस्नाबानोनं हातोडी बंद ठेवली होती. कंपनीचा साहेब गाडीतून उतरला, मागून अनुप. आज इस्त्री होती, पण ताठपणा नव्हता, आणि कार्ड पट्ट्याला बाहेर लटकत होतं. भाजीवाल्या बायांनी तराजू खाली ठेवले. रिठदचा लग्नघरवाला मुद्दाम येऊन उभा राहिला होता. अनुप पुटपुटला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाही येऊन राह्यलं!" मग त्याला आवाज चढवावाच लागला. "गफ्फार मिस्त्रीकडं कंपनीचं काही देनं नाही. मी बोललो ते खोटं होतं. त्यांच्या घरच्याइचे पैसे मी घेतले होते. मले माफ करा." साहेबानं कंपनीच्या वतीनं माफी मागितली आणि कागद हुस्नाबानोच्या हातात दिला. तो तिनं वाचलाही नाही. ती रस्त्याकडे बघत होती, जिथं ती त्या दिवशी येऊ शकली नव्हती.

मग ती दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली. जनाज्याच्या मैदानात बाईमाणूस जात नाही, म्हणून शाहिद बोलला होता. आज ती स्वतः बोलली, आणि तिचा तो आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "मी गफ्फार मिस्त्रीची बायको हुस्नाबानो. माह्या मालकाकडं कोनाचं एक रुपयाचंही देनं राह्यलं असंल, तं आज सांगा. माह्यासमोर सांगा."

बाजार गप्प. शाहिदनं डोळे मिटून घेतले. कोणाचंच काही नव्हतं. गफ्फारची रूह आता कुठंही अडकलेली नाही, हे तिला त्या शांततेतच कळलं, आणि तिची मान अशी वर झाली की धम्मदीपा सांगते, ती तेवढी उंच आहे हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात टपरीतून जगदेव बाहेर आला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "भाभी, तुमी अर्धंच इचारलं. त्याचं देनं इचारलं. त्याचं घेनं कोनाकडं हाय, हे काहून नाही इचारत?" लोक त्याच्याकडे बघू लागले. त्यानं टपरीतल्या कूलरकडे बोट केलं. "हा त्यानंच बनवून देल्ला. पैसे देतो म्हनलं, तं म्हने थंडी हवा देऊन राह्यला ना, मंग झालं. माहं देनं हाय, भाभी. मी सांगतो सगळ्यायसमोर."

गर्दीतला रिठदचाच दुसरा एक माणूस खाकरला. म्हणाला, "माह्याकडंही. तीन कूलरचे. कोनी मांगतलंच नाही." मग किन्हीराजाच्या एका म्हातारीला तिची धान्याची कोठी आठवली. कोणाला पेटी आठवली, कोणाला नुसता बदलून दिलेला पंप. गर्दीतून एकेक आवाज येत राहिला, माह्याकडं हाय, माह्याकडं हाय. कंपनीचा साहेब गाडीचं दार उघडून तसाच उभा राहिला होता. न मागितलेल्या पैशाची अशी वसुली त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

बाजारासमोर इतकी वर्षं जिनं कधी आवाज खाली केला नाही, तिचा आवाज तेव्हा आपोआप खाली आला. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग गफ्फारच्या स्टुलावर बसली, फळीवरचं कोरं रसीदबुक काढलं आणि पेन झटकत म्हणाली, "एकेकानं या. घाई करू नका. प्रत्येकाले रसीद भेटन."